मागच्या सीटचं कोण ऐकतं?

हदगावच्या कुठल्याही गॅरेजवर अर्धा तास उभं राहून पाहा. ॲव्हरेज पडलंय, पिकअप नाही, हॉर्न वाजत नाही... तक्रारी ह्याच. मागचे शॉकअप गेलेत म्हणून आलेला माणूस विरळाच. का? कारण त्याचा हिसका चालवणाऱ्याला कमी बसतो, मागं बसणारीला जास्त. आणि ती बोललीच तर उत्तर ठरलेलं : "रस्ताच तसा आहे."

रस्ता तसा आहेच हो! म्हणून तर म्हणतो, मंडळी, हे काम घरी करा आणि तिला विचारून करा. मिस्त्रीपुढं गाडी रिकामी उभी असते. तामशाहून येताना तिच्यावर आई बसते की खताचं पोतं, हे त्याला कसं कळणार?

काम अवघड नाही. स्प्रिंग वजन पेलते, आतलं तेल तिची उसळी शांत करतं. सीट दाबून सोडा. गाडी वर येऊन थांबली तर ठीक. डुलत राहिली किंवा दांड्यावर तेल दिसलं, तर शॉकअप गेला. मग 'कडक' करून उपयोग नाही, आणि स्प्रिंगमध्ये रबर कोंबणं म्हणजे हिसका थेट मणक्याला पोचवणं! शॉकअप चांगला असेल तर खाचा बदला. एकट्याला खालची, डबलसीटला वरची, पण दोन्हीकडं सारखीच. बुश बदलायचे तर गाडी डबल स्टँडवर घ्या आणि एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे दुसरी चिमटा धरून ठेवते. मोनोशॉक आणि गॅसचा डबा मात्र मिस्त्रीकडंच.

वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. चाळीस वर्षं मराठवाडा दुचाक्या बनवतोय, पण गाडीसोबत येणारं पुस्तक कोण उघडतं? खाचांची माहिती बहुतेक त्यातच असते.

"मग मिस्त्रीनं काय खायचं?" असं कुणीतरी म्हणणारच. त्याला इंजिनाची कामं पुरून उरतात. खरा प्रश्न वेगळा आहे. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर रात्री बॅटरीच्या उजेडात खोलणारा आमचा गडी शॉकअपच्या दोन नटांपुढं अडाणी कसा होतो?

स्टार्टर गेला तर पीक वाळतं. शॉकअप गेला तर नुसती बायकोची कंबर दुखते. आपला हिशोब हा असा आहे. पटत नसेल तर आज तिलाच विचारा.