रुपया घसरतो तेव्हा कुणाचा खिसा कापला जातो?

डिसेंबर २०२५ मध्ये एका डॉलरला नव्वद रुपये मोजावे लागले आणि देशाची अब्रू गेल्याची ओरड सुरू झाली. त्याच वेळी दुसरे पंडित सांगू लागले, की रुपया घसरला तर निर्यात वाढेल, तेव्हा घाबरू नका. त्यातच १९४७ साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता, ही थापही पुन्हा फिरू लागली. वास्तविक तेव्हा डॉलर सव्वातीन रुपयांच्या थोडा वर होता आणि पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै पडत. रुपयाची गाठ तेव्हा पौंडाशी होती. ती कशी बांधली गेली आणि तिचा फास कुणाच्या गळ्याला बसला, हे बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. आमच्या चळवळीतील किती जणांनी ते वाचले, हा प्रश्न आम्ही आधी स्वतःलाच विचारतो.

१८७३ नंतर युरोपातील देश एकामागून एक सोन्याकडे वळले आणि चांदीचा भाव कोसळला. आपला रुपया चांदीचा. १८७० च्या सुमारास जवळपास दोन शिलिंगांचा असलेला रुपया १८९२-९३ मध्ये सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. विलायतेला पाठवायच्या 'होम चार्जेस'ची रक्कम पौंडांत ठरलेली. त्यामुळे तेवढ्याच पौंडांसाठी अधिक रुपये, आणि ते रुपये रयतेच्या करातून. अखेर १८९३ साली सरकारने चांदीच्या मुक्त नाणेपाडणीला टांकसाळी बंद केल्या. गरिबाने अंगावरच्या चांदीच्या दागिन्यात साठवलेली पुंजी त्या दिवसापासून रुपयाच्या तुलनेत उतरत गेली. गोऱ्या अधिकाऱ्यांना मात्र हुंडणावळीत बसणाऱ्या तोट्याबद्दल त्याच वर्षी खास भत्ता मंजूर झाला. शेतमजुराला आणि गिरणी कामगाराला असा भत्ता कुणी दिला नाही.

पुढे रुपया १ शिलिंग ४ पेन्सवर स्थिर झाला. पहिल्या महायुद्धात चांदी कडाडली, १९२० साली सरकारने दोन शिलिंगांचा दर टिकवण्याचा हट्ट धरला आणि तो वर्षभरही टिकला नाही.

याच धामधुमीच्या मागोमाग, १९२३ साली, 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा बाबासाहेबांचा प्रबंध लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. प्रस्तावना लिहिणारे प्राध्यापक कॅनन यांना त्यातील बरेचसे युक्तिवाद मान्य नव्हते, आणि त्यांनी ते प्रस्तावनेतच सांगितले. केन्ससारख्या विद्वानाने उचलून धरलेल्या चलनपद्धतीला या तरुणाने आव्हान दिले होते. चलन किती काढायचे हे सरकारच्या मर्जीवर सोडू नका, त्याला बंधन घाला, हा त्यांचा आग्रह. पण आम्हाला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो ग्रंथातील दुसरा मुद्दा. रुपया उतरला की निर्यातदाराला तेवढ्याच पौंडांचे जास्त रुपये मिळतात. देशातील वस्तूंचे भाव चढतात. मजुरी मात्र मागे रेंगाळते. म्हणजे निर्यातदाराचा फायदा राष्ट्राचा नसतो, तो मजुराच्या ताटातून काढलेला असतो.

१९२५-२६ साली हिल्टन यंग आयोगापुढे दर १ शिलिंग ४ पेन्स असावा की ६ पेन्स, हा वाद रंगला. मुंबईतील व्यापारी आणि गिरणीमालकांनी ४ पेन्सच्या मागणीला राष्ट्रकार्याचे रूप दिले. १५ डिसेंबर १९२५ रोजी बाबासाहेबांची साक्ष झाली. रुपया स्वस्त करण्याचा लाभ व्यापारी वर्गाला आणि भार कमावत्या वर्गाला, ही आपली भूमिका त्यांनी सोडली नाही. 'देश विरुद्ध सरकार' या सोयीच्या मांडणीत ते अडकले नाहीत. त्या काळी गिरणीच्या विणकाम खात्यात आमच्या माणसाला प्रवेश नव्हता, कारण तेथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि तो विटाळे म्हणे! कमी पगाराच्या खात्यात राबणाऱ्या त्या कामगाराला रुपयाचा एक पेन्स काय करतो, हे परळच्या चाळीत राहणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाला कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

अखेर १९२७ साली १ शिलिंग ६ पेन्स हा दर कायद्याने ठरला. तो पौंडाशी १९६६ पर्यंत टिकला. ६ जून १९६६ ला पौंड २१ रुपयांवर गेला.

येथे आमच्याच लोकांना एक कटू गोष्ट सांगायची आहे. दर १४ एप्रिलला फलक लागतात, की रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली. मध्यवर्ती बँकेची शिफारस याच आयोगाने १९२६ मध्ये केली, बँक १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली आणि बाबासाहेबांची मते आयोगापुढे होती, इतके निर्विवाद आहे. त्यापलीकडे दावा ताणला तर उलटतपासणीत आपलाच साक्षीदार फुटतो, हे आम्ही न्यायालयात रोज पाहतो. बाबासाहेबांच्या मोठेपणाला अशा टेकूची गरज नाही. फलकाने बँक आठवणीत ठेवली आणि मजुरीचा मुद्दा विसरायला लावला, हे नुकसान अधिक मोठे आहे.

आजही खाद्यतेल आणि इंधन मोठ्या प्रमाणात बाहेरून येते, डॉलरमध्ये येते. सरकारी नोकराला महागाई भत्ता आहे. नाक्यावर उभा राहणारा मजूर, घरकाम करणारी बाई, कंत्राटी सफाई कामगार यांचे काय? किमान वेतनावरचा महागाई भत्ता कागदावर वाढतो आणि कंत्राटदाराच्या हजेरीपटात हरवतो. आपल्या कामगार संघटनांनी किमान वेतनाचे दर ठरतात त्या वेळी हा मुद्दा लेखी मांडावा, आणि महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या सहाव्या खंडातील ही पाने निवेदनाला जोडावीत.