सोनारानेच कान टोचावेत!

सोनारानेच कान टोचावेत, अशी आपल्याकडे म्हण आहे. एखाद्याला चार शब्द सुनवायचेच असतील तर ते त्या अधिकाराच्या माणसाने सुनवावेत, असा तिचा अर्थ. मला मात्र ह्या म्हणीचा सरळ शब्दशः अर्थच जास्त पटतो. कान टोचायचा तर ज्याला टोचता येतो त्याच्याकडूनच टोचून घ्यावा. मॉलमध्ये क्लिपा आणि रबरबँड विकणाऱ्या काउंटरवर नाही!

हे आत्ताच लिहायचं कारण, हॉस्टेलमध्ये सध्या पिअर्सिंगची साथ आली आहे. कुणाचं हेलिक्स, कुणाचं नाक, एकदोघींची बेंबीसुद्धा (नावं सांगणार नाही, हे मॅगझीन रेक्टर मॅडमही वाचतात). मुलांच्या हॉस्टेलवरही डाव्या कानातले खडे वाढले आहेत. आणि ह्या विषयावर मेसमध्ये वाद झाला की तो दर वेळी एकाच गोष्टीवर होतो – 'आपली संस्कृती'.

मंडळी, ह्या वादात काही दम नाही. हेलिक्स म्हणजे कानाच्या वरच्या कडेला पाडलेलं भोक. तिथे आपल्या पणज्या बुगडी घालत होत्या. पेशवाईतले पुरुष कानाच्या वरच्या भागात भिकबाळी घालत, त्यांना कुणी 'वाया गेलेला' म्हटल्याचं ऐकिवात नाही. कर्णवेध तर सोळा संस्कारांपैकी एक. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कान टोचण्यावरच आहे. कान पातळ असेल तर सुईने टोचा, जाड असेल तर आरीने टोचा, चुकीच्या जागी टोचलं तर काय काय त्रास होतो, हे सगळं त्यात दिलंय. फाटलेली पाळी जोडायचे पंधरा प्रकारही त्याच अध्यायात आहेत. म्हणजे तेव्हाही हे काम वैद्याचं होतं, येरागबाळ्याचं नव्हतं! मी स्वतः कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे सिस्टर असेंब्लीत कान तपासायच्या, एका कानात एकाहून जास्त काही दिसता कामा नये. घरी आल्यावर आजी ओरडायची, "अगं, कान असे बुचे नको ठेवूस, भोकं बुजतील!" त्यामुळे कानाच्या बाबतीत संस्कृती नेमकी कोणती, हे मला दहावीपर्यंत कळलंच नाही. असो.

खरा प्रश्न कसं टोचायचं हा आहे, आणि त्यावर कुणीच बोलत नाही.

गन कशी चालते ते आपण तरी नीट समजून घ्यायला हवं, इंजिनिअरिंगला आहोत म्हणून. आतमध्ये एक स्प्रिंग असते. ती सुटली की दागिन्याचाच बोथट दांडा कानात घुसतो. तो कापत नाही, चिरडत आणि फाडत जातो. पाळी मऊ असते, ती बिचारी सहन करते. पण वरच्या भागात कार्टिलेज असतं, आणि कार्टिलेजला स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसतात. भोवतीच्या पातळ आवरणातून त्याला जेमतेम पोषण मिळतं. तिथे जंतू शिरला की शरीराची मदत पोहोचायला वेळ लागतो, गोळ्यांचं औषधही सहज पोहोचत नाही. दुसरं म्हणजे बहुतेक गनची बॉडी प्लॅस्टिकची, ऑटोक्लेव्हमध्ये टाकली तर वितळेल. म्हणून गिऱ्हाईक गेलं की तिला स्पिरिटचा बोळा फिरवतात आणि पुढच्या कानाला लावतात. स्पिरिटने पुसणं म्हणजे निर्जंतुक करणं नव्हे. हेपटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात. रक्तासाठी डोळ्याला दिसणारा थेंबच लागतो असंही नाही.

माझ्या रूममेटने गेल्या वर्षी अशाच एका काउंटरवर गनने हेलिक्स करून घेतलं. खडा फुकट, टोचायचे तीनशे. पाचव्या दिवशी कान लाल झाला. आठव्या दिवशी तो इतका सुजला की खड्याचा पुढचा भाग कातडीत रुतून दिसेनासा झाला. सबमिशनचे दिवस होते. ती केस मोकळे सोडून फिरायची आणि रात्री आमच्याच रूममध्ये उशीत तोंड खुपसून रडायची. घरी सांगायचं नाही, कारण बाबा चिडतील. रेक्टर मॅडमना सांगायचं नाही, कारण नोटीस बोर्डावर 'अशोभनीय दागिने आढळल्यास पालकांना कळवण्यात येईल' असं लिहिलंय. शेवटी ताप आला तेव्हा आम्ही दोघी रिक्षाने कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. सुडोमोनास नावाचा बॅक्टेरिया निघाला. कानाला छेद देऊन पू काढावा लागला. आज तिच्या कानाची वरची कड आत दुमडलेली आहे. डॉक्टर म्हणाले, कार्टिलेज एकदा गेलं की परत येत नाही. ती आता केस कधीच वर बांधत नाही.

हे सगळं जवळून पाहूनसुद्धा मी ह्या मार्चमध्ये हेलिक्स करून घेतलं. पण आधी तीन स्टुडिओ फिरले. पहिल्या दोघांना विचारलं, "ऑटोक्लेव्ह दाखवता का?" एकाने यूव्हीचा निळा दिवा लावलेली पेटी दाखवली. ती ऑटोक्लेव्ह नसते. दुसरा नुसता हसला. तिसरा कॅम्पातला, त्याने मला आत नेऊन यंत्र दाखवलं आणि स्पोअर टेस्टचा कागदही काढून दाखवला. (ऑटोक्लेव्ह म्हणजे मेसमधल्या कुकरचाच शहाणा भाऊ. १२१ अंश सेल्सिअस, १५ पीएसआय, निदान १५ मिनिटं. स्पोअर टेस्टमध्ये मुद्दाम चिवट जीवाणूंचे बीजाणू आत ठेवतात आणि ते खरंच मेले का ते बघतात.) त्याने माझं ओळखपत्र बघितलं. फॉर्म भरून घेतला, त्यात ॲलर्जी, रक्त पातळ करणारी औषधं, जखमेचा वण जाड होतो का, असं सगळं होतं. वर विचारलं, "जेवून आलीस ना?" मला रिंग हवी होती, त्याने सरळ नाही म्हणून सांगितलं. रिंग फिरत राहते, जखम चिघळते, आधी सरळ बार, रिंग नंतर. गिऱ्हाईकाला नाही म्हणणारा माणूस बघून मला खरं तर तिथेच विश्वास वाटला.

टोचणं मात्र अगदीच किरकोळ निघालं. पेनने खूण केली, आरशात दाखवली, मी म्हटलं थोडी वर, त्याने पुसून परत केली. नवे हातमोजे घातले, माझ्यासमोर सीलबंद पाकीट फाडलं. पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदललेला होता, म्हणजे ते ऑटोक्लेव्हमधून गेलं होतं. आतली सुई पोकळ, टोकाला तिरकी कापलेली, इंजेक्शनच्या सुईसारखी, आणि एकदाच वापरायची. "श्वास सोड" म्हणाला. मी सोडला आणि संपलं! सुईच्या मागोमाग बार आत गेला, सुई पिवळ्या डब्यात. डास चावल्यापेक्षा जास्त आणि व्हायव्हाच्या आधीच्या पोटदुखीपेक्षा पुष्कळ कमी.

बार टायटॅनियमचा, एएसटीएम एफ-१३६. हे नाव ऐकून मला मटेरियल सायन्सचा पेपर आठवला. सहा टक्के ॲल्युमिनियम, चार टक्के व्हॅनेडियम. ह्याच घराण्याचा मिश्रधातू जेट इंजिनाच्या कॉम्प्रेसरच्या पात्यांना वापरतात आणि शरीरात बसवायच्या इम्प्लांटनाही. निकेल त्यात घालत नाहीत. 'सर्जिकल स्टील' म्हणून जे ३१६एल मिळतं त्यात दहा टक्क्यांच्या वर निकेल असतं, आणि ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे त्यांचा कान खाजून खाजून लाल होतो. स्वस्त खड्यांवर तर नुसता मुलामा असतो, खाली काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

आता पैशाचं. मला सगळे मिळून दोन हजार दोनशे लागले. "तेवढ्यात सात जणींचे कान होतात!" असं एक जण म्हणाली. होतात ना. रूममेटचे डॉक्टर, औषधं आणि ड्रेसिंग मिळून किती झाले ते तिला जाऊन विचारा, मला सांगवत नाही. आपण मोबाईलच्या कव्हरला सहाशे रुपये घालतो हो!

नंतरची कटकट मात्र आहे, ती कुणी आधी सांगत नाही. पाळी दीडदोन महिन्यांत भरते. कार्टिलेजला कधी सहा महिने, कधी वर्ष लागतं. दिवसातून दोनदा सलाइनने धुवायचं, बाकी हात लावायचा नाही, बार फिरवत बसायचं नाही. हळद, तेल, पेरॉक्साइड, आईने सांगितलेलं काहीही नाही. त्या कुशीवर झोपायचं नाही, आणि हॉस्टेलच्या कॉटवर भिंतीकडेच तोंड करून झोपायची सवय असेल तर ते अवघड जातं. हेल्मेट सर्वांत वाईट, काढताना दर वेळी कान ओढला जातो. सूज उतरली की लांब बार काढून आखूड घालून घ्यायला परत जावं लागतं. आणि एनएसएसच्या रक्तदान शिबिरात गेल्या १२ महिन्यांत काही टोचून घेतलंय का हे विचारतातच, तेव्हा रक्त द्यायचं असेल तर आधी शिबिर, मग कान.

रेक्टर मॅडमना आणि सरांना एकच विनंती आहे. ती नोटीस काढा. तिच्यामुळे एकही कान टोचायचा राहिलेला नाही. तिच्यामुळे फक्त दोन गोष्टी होतात. मुली घाईघाईने, लपून, सगळ्यांत जवळच्या आणि स्वस्त ठिकाणी जातात, आणि कान सुजला तरी सांगत नाहीत. आमचे कान जरूर टोचा, पण ते गन आणि ऑटोक्लेव्हवरून. त्याच बोर्डावर कान-नाक-घसा तज्ज्ञांचा फोन नंबर लावा. हॉस्टेलच्या फर्स्ट-एडच्या पेटीत आज आयोडीनची एक बाटली आणि संपलेली क्रेपची पट्टी आहे, त्यात सलाइनच्या बाटल्या ठेवा.

आणि हे वाचताना ज्यांचा कान आत्ता ठणकतोय, गरम लागतोय, केसांखाली झाकलेला आहे, त्यांनी खडा स्वतः उपटून काढू नका. भोक वरून बुजतं आणि पू आत राहतो. खडा ठेवायचा की काढायचा ते डॉक्टर ठरवतील. आजच जा. सोबत हवी असेल तर आमच्या रूमवर या, आम्ही दोघीही येऊ.