आठवड्यात अख्खं कोकण नको
अलिबागहून निघून आठवड्यात वेंगुर्ला गाठायचंच, या हट्टापायी कोकणची सहल गाडीच्या काचेआडच संपते. नकाशावर शेजारी दिसणारी गावं खाड्यांनी तोडलेली आहेत. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या फेरीबोटींच्या वेळा पाहूनच दिवस बेतावा लागतो. म्हणून मुरुड ते गणपतीपुळे एवढाच पट्टा घ्यावा, हर्णै आणि गुहागरला दोन-दोन रात्री राहावं. हर्णै बंदरातला संध्याकाळचा मासळीचा लिलाव धावत्या पाहुण्याच्या वाट्याला येतच नाही!

‘पुन्हा एवढी सुट्टी कधी मिळणार?’ ही अडचण खरी आहे. पण सगळं उरकायचं तर राष्ट्रीय महामार्ग ६६ धरावा लागतो आणि तो बराचसा समुद्रापासून दूर, आतून जातो. मालवण-वेंगुर्ल्याला पुढच्या हिवाळ्यात स्वतंत्र आठवडा द्यावा.