मीटरमधला अंधार

गेल्या महिन्यात चिपळूणहून रात्री परतताना आमच्या जुन्या मारुती ८०० च्या मीटरमधला उजेड गेला. वेग दिसेना, पेट्रोलचा काटाही दिसेना. हेडलाइट लागत होते, म्हणून आम्ही तसेच निघालो. हीच चूक! पुढे चहाला थांबलो, तर एक ट्रकवाला येऊन म्हणाला, “चाचा, मागे एकही दिवा नाही. आता धडकलो असतो.” मागच्या सीटवर मुले झोपली होती.

बहुतेक जुन्या गाड्यांत मीटरचे आणि मागचे टेल लाइट एकाच फ्यूजवर चालतात. म्हणून मीटर अंधारले की आधी खाली उतरून मागे पाहावे. ब्रेकचा दिवा लागतो म्हणून फसू नये, त्याची लाइन वेगळी असते.

दोन्ही बंद असतील तर जळालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा घालावा. तो पुन्हा उडाला, तर वायर कुठेतरी पत्र्याला टेकते आहे. तिथे मोठा फ्यूज किंवा सिगारेटची चांदी लावणारे उस्ताद भेटतात. त्यांना हात जोडावेत, वायर पेटते.

टेल लाइट ठीक असून फक्त मीटर अंधारात असेल, तर बल्ब किंवा त्याचा होल्डर पाहावा. थापटल्यावर उजेड येत-जात असेल तर होल्डर सैल. मीटर काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी.

आमच्या गाडीत डिकीतली वायर घासून सोलली होती. हौसेने आणलेले नवे बल्ब अजून डब्यातच आहेत.