हकीमसाहेबांनी मुळी प्रयोगशाळेत पाठवली होती

देशी औषधाची चाचणी घ्या म्हटलं की आपली माणसं दुखावतात. ‘बुजुर्गांची हिकमत आता उंदरांकडून पास करून घ्यायची का?’ हा सवाल मोहल्ल्यात ऐकू येतो, तसा स्टाफरूममध्येही. उलट, युनानीचं नाव काढताच नाक मुरडणारेही कमी नाहीत. दोघांनाही मी असरोलची गोष्ट सांगते.

असरोल म्हणजे आपली सर्पगंधा. बिहारकडे तिला ‘पागल बूटी’ म्हणत. झोप उडालेल्या, बेभान झालेल्या माणसाला ही मुळी द्यायची जुनी रीत. हकीम अजमल खान खानदानी हकीम, दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजचे कर्तेधर्ते. त्यांना आपली दवा तपासून घेण्यात कमीपणा वाटला नाही. जर्मनीत रसायनशास्त्र शिकलेल्या सलीमुज्जमां सिद्दीकींना त्यांनी संशोधनाला लावलं. हकीमसाहेब १९२७ मध्ये गेले. १९३१ मध्ये सिद्दीकींनी मुळीतून अल्कलॉइड वेगळे केले आणि एकाला नाव दिलं अजमलीन. हृदयाच्या ठोक्यांचा एक विकार ओळखायला डॉक्टर ते आजही वापरतात.

पण मन शांत करणारा मुख्य घटक तो नव्हताच. तो, म्हणजे रिसर्पिन, १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझलमध्ये सापडला. त्याआधी १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचे या मुळीचे अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले होते. हकीम, रसायनतज्ज्ञ, पारशी डॉक्टर: एका मुळीला एवढे हात लागले.

तपासणीतून फक्त कौतुकच निघालं असंही नाही. रिसर्पिन घेणारे काही रुग्ण खोल उदासीत गेल्याच्या नोंदी पन्नासच्या दशकातच झाल्या. शांत होणं आणि विझून जाणं यातला फरक लिहून ठेवल्याशिवाय कळत नाही.

दुखण्याचा मामला तर याहून मजेशीर. उंदराला गरम पट्टीवर ठेवून तो किती वेळाने पाय उचलतो किंवा चाटतो ते मोजतात. उशीर झाला तर दवा दुखणं कमी करते, असा अंदाज. पण गुंगीतला उंदीरही पाय उशिराच उचलणार! म्हणून त्याला फिरत्या दांड्यावर ठेवून तोल सांभाळतो का, हेही पाहावं लागतं. आणि रिसर्पिन? ते देऊन उंदरांमध्ये अंगदुखी मुद्दाम निर्माण करतात, दुखण्यावरची नवी औषधं पारखायला. म्हणजे ‘शांत करते, मग दुखणंही थांबवत असेल’ हा आपला घरगुती हिशेब इथे सरळ उलटा पडतो.

माझ्या मते चाचणी हा हिकमतीचा अपमान नाही, तिचा हक्क आहे. ‘नैसर्गिक आहे, नुकसान काय होणार’ हे वाक्य मात्र मला धोक्याचं वाटतं. आमच्या शेजारच्या खाला रक्तदाबाची गोळीही घेतात आणि असरोलचं चूर्णही. दोन्ही रक्तदाब खाली आणतात. डॉक्टरांना चूर्णाचं सांगितलं का, विचारलं तर म्हणाल्या, “अगं, ती काय दवा आहे? ती तर मुळी.”

पुढच्या तपासणीला डबी सोबत न्यायला मी त्यांना कसंबसं राजी केलंय.