दीड टन थंडी

आमच्या ठाण्याच्या घरी हिवाळ्यात ऊब आणि उन्हाळ्यात थंडी आणून देणारे एक गृहस्थ आहेत. पेशाने कंत्राटदार. हिवाळ्यात गीझर, उन्हाळ्यात एसी आणि पावसाळ्यात ह्या दोहोंची दुखणी! वय साठीच्या आसपास, अंगात करडा बुशकोट आणि खिशात चष्म्याच्या घराशेजारी कायमचा एक टेस्टर. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचे शिक्षण घेऊन ते ह्या धंद्यात पडले आणि पुढे विजेच्या कामाचा सरकारी परवानाही त्यांनी मिळवला. तो परवाना त्यांच्या गाळ्यात गणपतीच्या तसबिरीशेजारी चौकटीत लावलेला आहे. माझी एम.ए.ची पदवी भिंतीवर लावण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही, त्यामुळे त्या चौकटीकडे मी जरा असूयेनेच पाहतो.

आमची ओळख झाली ती एका नकारातून. न्हाणीघरात गॅसचा गीझर बसवला तर विजेचे बिल वाचेल, असे सौभाग्यवतींनी कुठेसे ऐकले होते. गृहस्थ आत गेले, दार लावून घेतले आणि दोन मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाले, "इथे गॅसचा मी बसवणार नाही. हवेला यायला-जायला वाट नाही. गॅस अर्धवट जळला की विषारी वायू होतो. त्याला ना वास, ना रंग. माणूस आंघोळीला जातो आणि बाहेर येत नाही."

चालून आलेले काम सोडणारा कंत्राटदार मी आयुष्यात प्रथमच पाहिला. सौभाग्यवतींना मात्र तो उद्धटपणा वाटला. अखेर विजेचा गीझर आला, तोही दुसऱ्याच दुकानातून.

पुढे आईच्या पश्चिमेकडच्या खोलीत एसी बसवायचे ठरले, तेव्हा मी पुन्हा त्यांनाच बोलावले. त्यांनी खोली मापली, भिंतीवर तळहात ठेवून पाहिला आणि दीड टनाचे यंत्र लागेल असे सांगितले. टन म्हणजे यंत्राचे वजन, अशी माझी इतके दिवस प्रामाणिक समजूत होती! गृहस्थ हसले नाहीत. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता त्याच वेळात खोलीतून काढणारे यंत्र ते एक टनाचे, हे त्यांनी मला एखाद्या ढ विद्यार्थ्याला सांगावे तसे सांगितले. बोस्टनहून गलबतात घालून बर्फ कलकत्त्याला आला तो १८३३ साली. ते दिवस गेले, पण बर्फाचे माप अजून यंत्रांना चिकटून राहिले आहे.

"आणि सर, थंडी नावाची वस्तूच नसते," ते म्हणाले. "आम्ही तुमच्या खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर गल्लीत नेऊन टाकतो."

मागाहून मी थोडे वाचले, तेव्हा मला आणखी एक मौज कळली. विलिस कॅरियर ह्या तरुण अमेरिकन इंजिनियराने १९०२ साली आपली योजना आखली ती माणसांना गार वाटावे म्हणून नव्हे. ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि आखडे, त्यामुळे एका रंगावर दुसरा रंग नेमका बसत नसे. ती हवेतली ओल काढायची होती. तेव्हा वाचकहो, दिवाळी अंकाचे रंगीत मुखपृष्ठ आणि आमच्या आईच्या खोलीतला गारवा ही एका अर्थी भावंडेच आहेत.

असो. बाहेरचे यंत्र कुठे ठेवायचे, हा खरा प्रश्न होता. गृहस्थ म्हणाले, स्वयंपाकघराच्या गॅलरीत ठेवू. तांब्याची नळी लांब लागेल, खर्च थोडा वाढेल. दुकानदार मात्र बसवणी फुकट देत होता. त्याची माणसे आली आणि आईच्या खिडकीबाहेर, नवव्या मजल्याच्या उघड्या भिंतीवर, लोखंडी ब्रॅकेट ठोकून यंत्र टांगून गेली. नळीचे पैसे वाचले. गृहस्थांनी नंतर ते खालूनच पाहिले आणि एवढेच म्हणाले, "यंत्र दहा-बारा वर्षे चालेल. तेवढी वर्षे कुणाला तरी तिथे जावे लागेल."

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात यंत्र गार हवा देईना. आईचे वय ऐंशी, त्यात दम्याची जुनी खोड. गृहस्थ आले, आतले सगळे तपासले. गॅस काही पेट्रोल नव्हे जळून संपायला, तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतो आहे, आणि गळती असणार ती बाहेरच्या जोडावर, असे त्यांचे निदान. "मुलाला बाहेर पाठवणार नाही. परवा दोर आणि पट्टे घेऊन माणसे आणतो आणि यंत्र गॅलरीतच हलवतो."

परवा! आईची धाप माझ्या डोळ्यांसमोर होती. मी जरा आवाज चढवूनच बोललो. त्यांनी ऐकून घेतले आणि पिशवी उचलली. यंत्र कुठे टांगावे आणि तिथे कुणाला पाठवावे, ह्याबद्दल त्यांच्या चौकटीतल्या कागदावर काही लिहिलेले असेल असे मला वाटत नाही.

संध्याकाळी वॉचमनच्या ओळखीने दुसरा एकजण आला. बरोबर एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा. खिडकीची जाळी उघडून पोरगा बाहेर उतरला. एक पाय ब्रॅकेटवर, दुसरा खिडकीच्या कडेला. दोन्ही हातांना काम होते, म्हणून तो मला म्हणाला, "सर, जरा माझा पट्टा धरता का?"

पट्टा म्हणजे त्याच्या विजारीचा पट्टा. तो मी दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. खाली रिक्षा आगपेट्यांएवढ्या दिसत होत्या. माझे हात घामाने ओले झाले होते आणि चामडे सुळकत होते. मागे खाटेवरून आई म्हणाली, "आत ये रे बाळा. मला नाही उकडत."

तो हसला आणि म्हणाला, "झालंच आजी." वीस मिनिटे लागली. आत आल्यावर त्याने तांब्याभर पाणी एका दमात संपवले. त्या रात्री खोली गार झाली. आईने मात्र पंखाच लावायला सांगितला.

आठवड्यात यंत्र पुन्हा रुसले. नटबोल्ट आवळून गॅस भरला होता, पण नळीतली हवा आणि ओल पंपाने ओढून काढलीच नव्हती, हे गृहस्थांनी नंतर दाखवले. मी त्यांना फोन केला तेव्हा माझा आवाज चढलेला नव्हता. ते माणसे घेऊन आले आणि यंत्र गॅलरीत हलवले. काम चालू असताना त्यांनी सहज विचारले, "मध्ये कुणी बाहेर गेले होते का?"

"गेला होता एकजण."

"पट्टा होता?"

"होता," मी म्हणालो. मराठीच्या प्राध्यापकाला नरो वा कुंजरो वा सुचायला कितीसा वेळ लागतो! गृहस्थांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले आणि पुन्हा पंपाच्या काट्यावर नजर लावली. अर्धा तास तो पंप घरघरत होता आणि मी तिथून हललो नाही. बिल आले ते वाचवलेल्या नळीच्या किमतीहून बरेच मोठे होते.

ब्रॅकेट तेवढे भिंतीवरच राहिले. दोराची माणसे होती तेव्हा ते काढा म्हणायचे मला सुचले नाही, आणि आता केवळ त्यासाठी कुणाला बाहेर उतरा म्हणवत नाही. त्यावर सध्या कबुतरांचे एक जोडपे असते. आई त्यांना खिडकीतून तांदूळ टाकते, आणि खालच्या मजल्यावरच्या बाई तक्रार करतात.