बी आमचं, तर माहितीवर नावही आमचं पाहिजे



वसईच्या पूर्वपट्ट्यात, तुंगारेश्वरच्या डोंगराकडेच्या आमच्या पाड्यांवर शिकलेली माणसं येतात. कोणतं भात पेरता, राब कसा भाजता, बी कशात ठेवता, सगळं विचारून वहीत लिहितात. आजी कणगीतलं मूठभर बी काढून देते. फोटो होतो, माणसं जातात. पुढं त्या माहितीचं काय झालं, ते पाड्याला सांगायला कोणी परत येत नाही.

आता शेतीच्या संशोधनात नवी रीत आलीय. तिला 'ओपन डेटा' म्हणजे खुली माहिती म्हणतात. शास्त्रज्ञाने शेतात जे मोजलं, लिहिलं, ते कपाटात न ठेवता सगळ्यांना बघायला ठेवायचं. भारतीय कृषी संशोधन परिषदेने २०१३ साली आपलं संशोधन खुलं करण्याचं धोरण घेतलं.

आम्ही याच्या विरोधात नाही. सरकारी पैशातून झालेलं काम जनतेचंच आहे. दडवून ठेवल्याने काय होतं ते छत्तीसगडने पाहिलंय. डॉ. रिछारियांनी तिथल्या शेतकऱ्यांकडून भाताची हजारो वाणं गोळा केली. ती रायपूरच्या कृषी विद्यापीठात होती. २००२ साली त्यांच्यासाठी सिंजेंटा कंपनीशी करार ठरत होता आणि ज्यांचं बी त्यांना पत्ताच नव्हता. बातमी फुटली, लोक रस्त्यावर आले, तेव्हा कंपनी मागे हटली.

पण खुली म्हणजे बेवारस नव्हे. माहिती इंग्रजीत आणि इंटरनेटवर ठेवली, तर ती कंपनीला खुली आणि आमच्या आजीला बंदच. मग हे कसलं खुलेपण?

काही साथी म्हणतात, मग कोणाला काही सांगायचंच नाही. आम्हाला ते पटत नाही. गावाच्या नावाने वाणाची नोंद असली, तर उद्या ते 'आम्ही नवीन काढलं' असं म्हणणं कोणालाही जड जाईल. नावाशिवाय गेलेलं बी मात्र कोणाचंही होतं.

कायदा आपल्या बाजूला आहे. वनहक्क कायदा २००६ आपण प्लॉटसाठी आणि सामूहिक दाव्यासाठी वाचतो. त्याच कायद्यात कलम ३(१)(के) आहे. जैवविविधता आणि पारंपरिक ज्ञान यांवर गावाचा सामूहिक हक्क त्यात लिहिलाय. वाणांच्या २००१ च्या कायद्यातही, वाण घडवण्यात गावाचा वाटा असेल तर गावाच्या वतीने दावा करता येतो.

म्हणून प्रत्येक ग्रामसभेने ठराव घ्यावा, असं आमचं म्हणणं आहे:

१. माहिती किंवा बी घ्यायला येणाऱ्याने आधी ग्रामसभेला लेखी सांगावं: कोण, कशासाठी, कोणाच्या पैशाने, आणि माहिती कुठे ठेवणार.

२. जे लिहिलं त्याची मराठी प्रत गावाला द्यावी आणि सभेत वाचून दाखवावी.

३. माहिती जिथे जाईल तिथे गावाचं, पाड्याचं नाव जावं.

४. कोणती औषधी झाडं, कोणत्या जागा उघड करायच्या नाहीत, ते सभा ठरवेल.

ही मागणी फक्त आपली नाही. २०१९ साली जगभरातल्या आदिवासींनी एकत्र येऊन हेच मांडलं, की आमच्याबद्दलच्या माहितीवर आमचा अधिकार पाहिजे.

आणि एक काम आपलंच आहे. वनहक्काच्या दाव्यात जाणत्यांचा जबाब लिहून घेतला, तो पुरावा म्हणून चालतो. मग बियांसाठी तेच करू. या पेरणीआधी शाळा शिकलेल्या पोरापोरींनी घरोघर जावं. कोणती भातं, नाचणी, वरई, वाल, तूर कोणाकडे आहे, बी कुठून आलं, कोणतं कोरड्यात टिकतं, कोणतं वाकल पाण्यात, हे वहीत लिहावं. गावाची जैवविविधता नोंदवही होत असेल तर ही वही तिथे मांडावी. आजी आहे तोवर विचारून घ्या. कणसरी आपल्या घरात आहे, तिची नोंद पहिली आपल्या वहीत होऊ द्या.

जिंदाबाद!